पात जोमात, कांदा नाही. आणि आला तो आषाढात सडला

प्रश्न : परभणीत आमच्या घरामागे १२ फूट बाय ९ फूट मोकळी काळी जमीन आहे. गेल्या वर्षी ऑनलाइन मागवलेलं शॅलटचं, म्हणजे छोट्या कांद्याचं, विदेशी बी ऑक्टोबरच्या मध्यात टाकलं. रोपं छान झाली, पात गुडघ्याएवढी वाढली, पण एप्रिल संपला तरी खाली कांदा पोसलाच नाही. शेजारच्या वाफ्यात जूनमध्ये घेतलेल्या पाकिटातलं उरलेलं लाल कांद्याचं बी त्याच वेळी टाकलं होतं. त्यात डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, बरेच निघाले, तरी पंधरा किलो कांदा मिळाला. तो पोत्यात भरून जिन्याखाली ठेवला. आषाढ लागेपर्यंत अर्धा सडला, उरलेल्याला कोंब आले. आमच्या मातीत दोष आहे का? छोटा कांदा बियांपासून घरी होतो का? कांदा टिकवायचा कसा? आणि विदेशी बी अर्धं पाकीट उरलंय, त्याचं काय करू?
(एक वाचक, परभणी)

उत्तर : ताई, मातीकडे नंतर येऊ. तुमच्या दोन्ही वाफ्यांचं बिनसलं ते बियाणं निवडतानाच. आणि जो कांदा हाती आला, त्याचं बिनसलं काढणीपासून पोत्यात भरेपर्यंतच्या दिवसांत.

कांद्याचं रोप कधी पोसायला लागायचं हे दिवसाच्या लांबीवरून ठरवतं. परभणीत डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास. युरोपातल्या शॅलटच्या बहुतेक जातींना १४ तास किंवा त्याहून मोठा दिवस लागतो. असा दिवस मराठवाड्यात वर्षातून एकदाही उगवत नाही. त्यामुळे रोप नुसती पात काढत राहतं, मान, म्हणजे कांदा आणि पात यांमधला भाग, जाड होत जाते आणि खाली काही भरत नाही. अशा वेळी खत वाढवलं तर पात आणखी वाढते, एवढंच. आपल्याकडच्या जातींना साडेअकरा-बारा तासांचा दिवस आणि तापायला लागलेलं ऊन पुरतं. फेब्रुवारीच्या मध्याला परभणीत दिवस साडेअकरा तासांच्या पुढे गेलेला असतो. उन्हाळी कांदा तेव्हाच पोसायला लागतो. विदेशी पाकीट घेताना त्यावर ‘लाँग डे’ लिहिलेलं असेल तर ते आपल्या कामाचं नाही. ‘शॉर्ट डे’ असेल तरच विचार करावा. काहीच लिहिलेलं नसेल तर पैसे वाया घालवू नयेत.

दुसऱ्या वाफ्याचं कारण वेगळं. जूनमध्ये दुकानात मिळतं ते बी बहुतेक खरिपाच्या जातीचं असतं, बसवंत ७८० किंवा अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेडसारखं. या जाती पावसाळ्यात लावायच्या आणि काढल्या की विकायच्या किंवा खायच्या. त्या रब्बीत लावल्या तर डेंगळे आणि जोडकांदे जास्त निघतात, आणि साठवणीत त्या टिकत नाहीत, कितीही जपलं तरी. त्यातून तुम्ही बी ऑक्टोबरच्या मध्यात टाकलं. थंडी पडेपर्यंत रोपं जाडजूड झाली असणार. जाड रोपाला कडक थंडी लागली की ते फुलाच्या मागे लागतं आणि डेंगळा काढतं. परभणीत पारा दहाच्या खाली उतरतो, हे तुम्हाला सांगायला नको.

टिकाऊ कांदा हवा असेल तर रब्बीची जात घ्या : एन-२-४-१, अ‍ॅग्रीफाउंड लाईट रेड, भीमा शक्ती किंवा भीमा किरण. भीमा नावाच्या जाती राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाच्या आहेत. पैकी भीमा किरण साठवणीसाठी आमच्या पहिल्या पसंतीची. पाकिटावरची तारीख बघाच. कांद्याचं बी साध्या हवेत वर्षभरात उगवण गमावतं, उन्हाळ्यात तापलेल्या खोलीत तर त्याहूनही लवकर.

आता छोट्या कांद्याचं. सांबारात घालतात तो घोसाने येणारा कांदा दक्षिणेत बहुतेक कांदी, म्हणजे छोटे कांदेच, लावून करतात, कारण त्याच्या बऱ्याचशा जाती मैदानी भागात बी धरत नाहीत. कोइमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने काढलेली को-५ ही जात मात्र फुलते आणि बी धरते. बियांपासूनच करायची तुमची इच्छा असेल तर ही जात शोधा. विद्यापीठाकडून किंवा खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या, कारण छोट्या कांद्याच्या नावाखाली काहीही विकलं जातं. दुसरा पर्याय अ‍ॅग्रीफाउंड रोझ. हा घोसाने येत नाही, एका रोपाला एकच गडद लाल, चपटसर, लहान कांदा येतो, पण अख्खा रश्शात टाकायला उत्तम. आणि घरात कुणाला फक्त लहान कांदे हवे असतील, जात कोणतीही चालणार असेल, तर नेहमीच्या रब्बी कांद्याची रोपं दोन-दोन इंचांवर दाट लावा. गोल्टी आपोआप मिळते.

बी टाकायची वेळ ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण दिवाळीच्या आगेमागे. लावणी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. तुमच्या जागेत चार-चार फूट रुंदीचे दोन गादीवाफे आणि मध्ये एक फुटाची वाट बसते. सहा इंचांवर ओळी आणि ओळीत चार इंचांवर रोप धरलं तर साडेपाचशे ते सहाशे रोपं लागतील. एक ग्रॅममध्ये कांद्याचे अडीचशे-तीनशे दाणे असतात, तेव्हा ४ ते ५ ग्रॅम बी पुरे. त्यातून न उगवणारं, मरणारं आणि निवडून टाकायचं सगळं वजा जाऊन हवी तेवढी रोपं उरतात.

रोपासाठी ३ फूट बाय २ फूट एवढाच लहान वाफा करा, जमिनीपासून पाच-सहा इंच उंच. माती भुसभुशीत करून त्यात चाळलेलं, पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. एक किलो ओलसर शेणखतात दोन चमचे ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) कालवून आठवडाभर सावलीत झाकून ठेवा आणि मग वाफ्यावर पसरा. पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळ्या रंगाचं असेल तर त्याला आधीच बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्याला पुन्हा काही लावायचं नाही, आणि हाताळल्यावर हात धुवायचे. तीन इंचांवर बोटाने रेघा ओढा, रेघ अर्धा इंच खोल. दोन फुटांच्या एका रेघेत शंभरेक दाणे पडले पाहिजेत. फेकून टाकलेलं बी एका जागी दाट उगवतं, तिथे हवा खेळत नाही आणि रोपं बुडाशी पाणचट होऊन कोलमडतात. रोपवाटिकेतलं सर्वांत मोठं नुकसान याच रोगाने होतं, आणि त्याला दाट पेरणी व संध्याकाळचं भरपूर पाणी हीच दोन कारणं पुरतात. बी शेणखताने झाका, झारीने हलकं पाणी द्या, वर गवत किंवा ओलं गोणपाट अंथरा. सहा-सात दिवसांत अंकुर दिसू लागतील. दिसले की गोणपाट त्याच संध्याकाळी काढायचं. एक दिवसही उशीर झाला तर कोंब पांढरे आणि लांबट होतात. पुढे पाणी सकाळी, वरची माती सुकू लागली की.

सात-आठ आठवड्यांत रोप वीतभर होतं. लावणीच्या आदल्या दिवशी वाफा भिजवा म्हणजे उपटताना मुळं तुटत नाहीत. करंगळीएवढी जाड झालेली रोपं बाजूला काढून पातीसाठी वापरा, ती डेंगळ्यावर जातात. सुतळीसारखी बारीकही नकोत. मधली घ्या. पातीचा वरचा तिसरा हिस्सा कापून टाका.

आता माती. काळी जमीन कांद्याला अगदीच वर्ज्य नाही, पण तिचे दोन त्रास आहेत. पाणी धरून ठेवते आणि सुकली की आवळते, भेगा पडतात. कांद्याची मुळं वरच्या सहा-आठ इंचांतच असतात, त्यामुळे दोन्हीचा फटका त्यांना लगेच बसतो. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळून फरक पडत नाही, शेणखताने पडतो. तुमच्या जागेसाठी १८ ते २० किलो कुजलेलं शेणखत घ्या आणि वाफे सहा इंच उंच ठेवा. ताजं शेण मुळीच नको. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी वापरत असाल आणि वाफ्यावर पांढरी खपली येत असेल तर पाणी खारट आहे. कांदा खारटपणाला नाजूक आहे, पातीचे शेंडे जळतात, कांदा लहान राहतो. नळाचं पाणी मिळत असेल तर ते द्या.

लावणीआधी वाफ्यांत सिंगल सुपर फॉस्फेट सव्वादोनशे ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश ९० ग्रॅम आणि युरिया ७५ ग्रॅम मिसळा. युरियाचे तेवढेच आणखी दोन हप्ते, लावणीनंतर ३० आणि ४५ दिवसांनी. साठ दिवसांनंतर नत्र, म्हणजे युरिया, पूर्ण बंद. सिंगल सुपर फॉस्फेटच घ्यायला सांगतो, कारण त्यात गंधक असतं आणि कांद्याच्या तिखटपणाला, टिकाऊपणाला ते लागतं. उशिरा दिलेल्या युरियाने पात हिरवीगार दिसते, पण मान जाड राहते, वेळेवर पडत नाही, आणि असा कांदा साठवणीत सर्वांत आधी जातो. रासायनिक खत नको असेल तर शेणखत दीडपट करा आणि ३० व ४५ दिवसांनी गांडूळ खताचा हात द्या. कांदा थोडा लहान येईल, टिकायला कमी पडणार नाही.

रोप इंचभरापेक्षा खोल खोचू नका. खोल लावलेला कांदा लांबट होतो, आणि काळ्या मातीत तर दाबला जाऊन वाकडाही. पोसताना कांद्याचा निम्मा भाग जमिनीच्या वर दिसला पाहिजे. दिसला म्हणून त्यावर मातीची भर घालणारे बरेच असतात. बटाट्याला ते चालतं, कांद्याला नाही.

लावणीला पाणी, मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी हलकं पाणी. पुढे थंडीत आठ-दहा दिवसांनी, फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा-सात दिवसांनी. वार मोजण्यापेक्षा वाफसा बघा. दोन इंच खाली बोट घालून ओल लागली तर पाणी पुढे ढकला. सुकलेल्या वाफ्याला एकदम भरपूर पाणी दिलं की कांदा फुटून जोड होतो. खुरपणी दोनदा, २५-३० दिवसांनी आणि ४५ दिवसांच्या सुमारास. त्यानंतर खुरपं लावायचं नाही. वर आलेलं तण हाताने उपटा, कारण खुरप्याचा ओरखडा लागलेला कांदा हमखास सडतो.

फेब्रुवारीत ऊन वाढलं की फुलकिडे येतात. पातीच्या बेचक्यात लपतात, पातीवर चंदेरी पांढरे ठिपके पडतात, पात वाकडी होते. निळे चिकट सापळे दोन लावा. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारा. साबण विसरू नका, कांद्याची पात मेणचट असते आणि नुसतं पाणी घरंगळून जातं. फवारा वरून नको, बेचक्यात गेला पाहिजे. आठवड्याने पुन्हा. पातीवर जांभळट, मध्ये पांढुरके लांबट डाग दिसले तर तो करपा. ढगाळ हवा आणि दाट लागवड असेल तर तो झपाट्याने पसरतो. अशी पात कापून जाळून टाका. फारच वाढला तर मॅन्कोझेब लिटरला अडीच ग्रॅम, चिकट द्रावणासह, आणि त्यानंतर किती दिवस पात खायची नाही ते डब्यावर वाचून पाळा.

आता तुमचा खरा प्रश्न, टिकवायचा कसा. कांदा सडतो तो बहुतेक मानेतून. मान नीट वाळून मिटली तर आत बुरशी शिरत नाही, ओल शिरत नाही, कोंबही उशिरा येतो. म्हणून पुढचं सगळं मानेसाठी करायचं आहे.

मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यात माना आपोआप पडायला लागतात. पायाने तुडवून पाडायच्या नाहीत. तशी मान मोडते, मिटत नाही. थोड्या माना पडू लागल्या की पाणी तोडा. कांदा काढायच्या आधी १० ते १५ दिवस वाफा कोरडा हवा. निम्म्या माना पडल्या की सगळा कांदा काढा. सगळ्या पडायची वाट बघितली तर आधी पडलेल्यांचा पापुद्रा जमिनीतच निघतो.

काळी जमीन कोरडी झाली की दगड होते, त्यामुळे नुसतं उपटून मान तुटते. खुरपं किंवा टोकदार सळई कांद्यापासून तीन-चार इंच लांब खोचून माती उकला, मग हात घाला. काढलेला कांदा पातीसकट एका थरात असा पसरा की एका ओळीची पात पुढच्या ओळीच्या कांद्यावर येईल. एप्रिलचं आपलं ऊन चाळीस अंशांच्या वर जातं. उघड्या कांद्याला त्याने चट्टे पडतात आणि तो भाग मऊ होऊन नासतो. असे तीन ते पाच दिवस ठेवा. अवकाळीचा भरवसा नसतो, म्हणून ताडपत्री हाताशी असू द्या. पण ताडपत्री फक्त पाऊस पडत असताना. ओल्या कांद्यावर ती तशीच राहिली तर आत वाफ धरते.

पात सुकली की पीळ देऊन मानेपासून इंच-दीड इंच ठेवून कापा. बुडाशी कापलेली मान म्हणजे उघडं दार. मुळं झटकून घ्या, पण वरचे पापुद्रे सोलू नका आणि माती लागली असली तरी धुऊ नका. यानंतर १० ते १२ दिवस सावलीत, वारा खेळेल अशा जागी पसरून ठेवा : ओसरीवर, गच्चीवरच्या छपराखाली, बाजेवर. मान दोन बोटांत दाबल्यावर ओली, घसरती लागली तर अजून दिवस हवेत. कागदासारखी कुरकुरली की कांदा ठेवायला तयार.

मग निवड. जोडकांदे, डेंगळ्याचे, जाड मानेचे, खुरपं लागलेले आणि फार मोठे आधी खायला काढा. मध्यम, गोल, बारीक मानेचेच साठवा. तुमच्या १५ किलोंपैकी ठेवण्याजोगे निम्मे निघाले असते, आणि तेवढेच ठेवले असते तर त्यांना शेजारच्या सडक्यांची लागण झाली नसती.

कांदा २५ ते ३० अंश तापमानात आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रतेत चांगला राहतो. पोत्यात तो श्वास घेतो, उष्णता आणि ओल सोडतो, आणि ती बाहेर जायला जागा नसते. जिन्याखाली तर वाराच नाही. जूनमध्ये हवेत दमटपणा आला की मानेवर काळी काजळी धरते आणि मग सड. फ्रिजचा विचार मनात आला असेल तर तो करू नका. फ्रिजमध्ये ओल असते, आणि बाहेर काढल्यावर कांद्याला कोंब लवकर येतो.

वीसेक किलोंसाठी एक बाज किंवा भोकांचे प्लास्टिक क्रेट पुरे. खालून वारा हवा, म्हणून क्रेट विटांवर ठेवा. थर एक फुटापेक्षा जाड नको. जाळीच्या पाच-पाच किलोंच्या पिशव्या आढ्याला टांगल्या तरी छान. पत्र्याखालची खोली टाळा; पर्याय नसेल तर पत्र्यावर पाचट किंवा तुरीच्या काड्या टाका. पावसाच्या दिशेला गोणपाटाचा पडदा लावा आणि उघडीप मिळाली की तो वर गुंडाळा. बटाटा शेजारी नको. दर पंधरा दिवसांनी हात फिरवून मऊ, वास येणारे, कोंब आलेले काढा, आषाढ-श्रावणात दर आठवड्याला. उन्हाळ्यात वजन थोडं घटेल, ते अटळ आहे. रब्बीची चांगली जात अशी ठेवली तर दसऱ्यापर्यंत घरचा कांदा पुरायला हरकत नाही.

को-५ लावलात तर बी, रोप, अंतर सगळं असंच. लावणीनंतर साधारण ९० दिवसांत तो निघतो. त्याची पात पूर्ण कापू नका. सुकल्यावर घोस जुड्या बांधून टांगा. पुढच्या वर्षी बी आणायची गरज नाही. त्यातले घट्ट, निरोगी कांदे ठेवा. काढणीनंतर दोन महिने तरी ते झोपेत असतात, त्याआधी लावले तर नीट उगवत नाहीत. मराठवाड्यात काळ्या रानात पावसाळ्यात ते लावणं धोक्याचं आहे, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकेक कांदी निम्मी मातीत, निम्मी वर अशी खोचा. एका कांदीचा घोस होतो, तोही अडीच महिन्यांच्या आत.

राहिलं विदेशी पाकीट. त्याची पात करा. कोणत्याही महिन्यात, जोराचा पाऊस आणि एप्रिल-मेचं कडक ऊन सोडून, कुंडीत किंवा वाफ्याच्या कडेने अर्धा इंच खोल दाट ओळीत टाका. सहा-सात आठवड्यांत वीतभर झाली की उपटायला सुरुवात करा. बी रंगवलेलं असलं तरी एवढ्या दिवसांनी पात खायला हरकत नसते, फक्त बी स्वतः तोंडात जाऊ देऊ नका. पण हे या हंगामातच उरका. पाकीट फोडून वर्ष होत आलंय, आणि एक उन्हाळा आणखी गेला तर त्यातलं फारसं काही उगवणार नाही.